सायकलला हब डायनामो बसवून तीन पावसाळे झाले, वापरून काय वाटलं ते

हब डायनामो म्हणजे चाकाच्या मधोमध, आसावरच्या हबमध्येच बसलेला डायनामो, चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा. सुरुवातीलाच सांगून टाकतो, वर्षातनं चारदोन वेळा अंधारात सायकल काढणाऱ्याने एवढा खर्च करू नये, त्याला साधा चार्जिंगचा लाइट पुरतो. हे लिहितोय ते ज्यांची ड्युटी रात्री सुटते आणि ज्यांच्या वाटेवर खांबावरचे दिवे नाहीत त्यांच्यासाठी. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपला आहे, सेकंड शिफ्ट असली की हात धुऊन गेटबाहेर पडेपर्यंत रात्रीचे साडेअकरा होतात, आणि घर येळ्ळूरला. चौथं रेल्वे गेट, अनगोळ, आणि तिथनं पुढं दोन्ही बाजूला नुसती भाताची शेतं. अनगोळ मागं पडलं की एकदम काळोख, मध्ये एखाद्या शेतघराचा बल्ब दिसला तर दिसला. अंतर सहा-सात किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण तेवढंच पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरलेले असताना दिव्याशिवाय काढून बघा, म्हणजे मी एका दिव्यावर एवढं का लिहूलालोय ते कळेल.

याआधी पाच-सहा वर्षं मी बॅटरीवालेच लाइट वापरले, तीनशे रुपयांपासून बाराशेपर्यंतचे मिळून चार तरी झाले असतील. उजेड कुणाचाच वाईट नव्हता. भानगड सगळी चार्जिंगची. फर्स्ट शिफ्टचा आठवडा संपून सेकंडचा सोमवार आला की लाइट कपाटावर तसाच पडलेला असायचा, निघताना बटण दाबलं की पेटायचा म्हणून मी तसाच निघायचो आणि येताना अनगोळच्या पुढं तो मंद होत होत विझायचा. त्यात पावसानं चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच सैल होतं आणि आत पाणी जातं, दोन लाइट असेच गेले. त्यातला एक घेऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, परत दुकानात घेऊन गेलो तर पाणी गेलंय म्हणजे वॉरंटी बसत नाही म्हणाले, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्या दिवशी मन लई खट्टू झालं.

मग चार वर्षांमागं सुगीत पडलो. आमच्याकडं सुगीत रस्त्याच्या कडेला भात वाळत घालतात आणि गाड्या वरनं जाऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडून ठेवतात. शेतकऱ्याचा तरी काय दोष, खळं करायला जागा कुठं राहिलीय आता. त्या रात्री लाइट विझलेला, मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून चाललो होतो आणि पुढचं चाक सरळ दगडावर. मनगट मुरगळलं, तीन आठवडे मशीनवर उभा राहता आलं नाही. बाबा हाताला हळद लावत होते, लावता लावता म्हणाले, आमच्या वेळी डायनामो असायचा रे, पाय चालतोय तोवर दिवा चालतोय. ते वाक्य डोक्यात राहिलं.

बाबांची काळी सायकल मला चांगली आठवते. पुढच्या चाकाजवळ बाटलीसारखा डायनामो, खटका दाबला की त्याची दातेरी चकती टायरच्या गालाला चिकटायची आणि घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, गल्लीच्या तोंडाला तो आवाज आला की आई स्टोव्ह पेटवायची. पण त्याचे ताप पण आठवतात. चढाला उजेड पिवळा व्हायचा, पावसात टायर ओलं झालं की चकती घसरायची आणि नेमका पावसातच दिवा जायचा, टायरच्या गालाचं रबर खाऊन आतले धागे दिसायला लागायचे. बसवायची पण एक रीत होती, डायनामोच्या मधनं सरळ रेघ ओढली तर ती चाकाच्या आसाकडं गेली पाहिजे, जरा वाकडा बसला की घर्षण वाढतं, आवाज वाढतो आणि टायर लवकर जातं. वायर एकच असायची, परतीचा करंट सायकलच्या सांगाड्यातनं, त्यामुळं कुठं गंज चढला की दिवा बंद. आणि बल्ब! डायनामो ६ व्होल्ट ३ वॉटचा, त्यातले २.४ वॉट पुढच्या बल्बला आणि ०.६ मागच्याला अशी वाटणी, मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचं पण पुढच्यावर यायचं आणि थोड्या वेळानं तोही उडायचा. बाबा खिशात काड्यापेटीत कापूस घालून दोन जादा बल्ब ठेवायचे.

मी घेतलाय तो टायरला घासणारा नव्हे. हा चाकाच्या हबमध्येच असतो, म्हणजे पुढच्या चाकाचा नेहमीचा हब काढून त्याच्या जागी हा जाड हब. आत कॉइल आसाला घट्ट बसलेली, ती फिरत नाही, आणि बाहेरच्या कवचाला आतनं चुंबकं, ती चाकाबरोबर फिरतात. कशाला काही घासत नाही, आवाज नाही, पाऊस-चिखलाचा संबंध नाही. ही काही आजची गोष्ट पण नाही, इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनं डायनोहब म्हणून असला हब १९३६ लाच बाजारात आणला होता आणि १९८४ पर्यंत काढत होते. जर्मनीत तर २०१३ पर्यंत रस्त्यावरच्या सायकलला डायनामोचाच दिवा पाहिजे असा नियम होता, त्यामुळं तिकडं यात इतके प्रकार मिळतात की निवडताना डोकं फिरतं. आपल्याकडं बेळगावात मी खडेबाजारापासून शहापूरपर्यंत सगळीकडं विचारलं, कुणाकडं नव्हता, दोघांनी तर हबमध्ये डायनामो असतो हेच पहिल्यांदा ऐकलं. शेवटी मेव्हण्याचा मित्र जर्मनीत शिकायला आहे, तो सुट्टीला येताना त्याच्याकडनं मागवला. हब शिमानोचा, तारा ओवायच्या ३६ भोकांचा, पुढचा लाइट आणि मागचा लाइट एका जर्मन कंपनीचे.

खर्च आधी सांगतो कारण सगळे तेच विचारतात. हब ४,३०० पडला, पुढचा लाइट ५,२००, मागचा १,४००, आणि नवीन रिम, तारा आणि मजुरी धरून इथं २,१००. एकूण १३,०००. माझी सायकल घेतली तेव्हा तीच साडेअकरा हजारांची होती, त्यामुळं घरात बायकोशी दोन दिवस बोलणं झालं ते वेगळं, पण मनगटाच्या वेळचा बुडालेला पगार मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा ती म्हणाली घ्या.

आता चाकाचं. हब आणला म्हणजे काम झालं असं नाही, तारा काढून पूर्ण चाक नव्यानं बांधावं लागतं, आणि हबचं पोट जाड असल्यामुळं जुन्या तारा लांब पडतात. हे मला माहीत नव्हतं. वडगावात आमचे एक सायकलवाले मामा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांच्याकडं घेऊन गेलो. मामांनी हब हातात घेतला, आस दोन बोटांत धरून फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हाताने फिरवला की तो गुळगुळीत फिरत नाही, खट खट खट असा अडत अडत फिरतो. मामा म्हणाले, "ह्याचे छर्रे गेलेत की रे, फसवलाय तुला कुणीतरी." मला पण धसका बसला होता. मग मी सांगितलं की मामा आत चुंबकं आहेत, ती ओढून धरतात. मामांना काही पटलं नाही, त्यांनी चाक बांधायला घेतलं पण तोंडानं "काय करूलालास हे तेरा हजार घालून" हे चालूच.

पण काम असलं केलं की काय सांगू. फळीवर तारा मांडून माप घेतलं, एक तार कापून बघितली, मग बाकीच्या त्या मापाच्या काढल्या, ३६ च्या ३६ तारा तीनवर एक अशा ओवल्या. मग फोर्कमध्ये चाक उलटं धरून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला बसले, एका हाताचा अंगठा रिमजवळ टेकवलेला, दुसऱ्या हातात निपलचा पाना, चाक फिरवायचे, थांबवायचे, पाव फेरा, परत फिरवायचे. डोळे रिमवर नाहीतच, कान देऊन ऐकत होते अंगठ्याला कुठं घासतंय ते. दीड तास गेला. तीन वर्षांत ते चाक एकदाच आणि तेही नखभर आऊट झालं, आमचे खड्डे ज्यांना माहीत आहेत त्यांना याची किंमत कळेल. शेवटी मामांनी चाक बसवून लाइटच्या दोन तारा जोडल्या, दुकानातला बल्ब बंद केला आणि हातानं चाक जोरात फिरवलं. समोरच्या भिंतीवर पांढरा पट्टा उमटला. मामा काही बोलले नाहीत, चाक थांबेपर्यंत बघत उभे राहिले, मग परत एकदा फिरवलं. मजुरी ठरली होती त्यातले शंभर रुपये त्यांनी घेतलेच नाहीत.

कुणी बसवणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. फोर्कच्या आतलं माप १०० मिलिमीटर पाहिजे, पट्टी लावून मोजा, जुन्या काळ्या सायकलींचं त्याहून कमी भरतं. आणि तुमच्या रिमची भोकं मोजा, काळ्या सायकलींना पुढं ३२ आणि मागं ४० तारा असतात, गिअरवाल्यांचं वेगवेगळं, हब त्या हिशेबानंच मागवायचा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवाला हब वेगळा येतो.

वायरिंग मी घरी केलं. हबच्या एका टोकाला छोटं प्लग येतं, त्याच्या टोपीच्या दोन भोकांतनं दोन वायरींची टोकं बाहेर काढून वाकवायची आणि टोपी दाबून बसवायची, सोल्डर काही लागत नाही. चाक बसवताना प्लगवाली बाजू बसणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायची. मागच्या लाइटला मी दोन पदरी वायर ओढली, बाबांच्या काळासारखा सांगाड्यातनं परतीचा करंट ठेवला नाही. वायर मडगार्डच्या आतनं नेऊ नका, चिखल आणि खडी मारून मारून ती सोलवटते, फ्रेमच्या खालच्या नळीला बांधत न्या.

करंटचं सांगायचं तर, मी कंपनीतनं मल्टिमीटर आणून मोजून बघितलं. नुसत्या मोकळ्या तारा ठेवून चाक हातानं जोरात फिरवलं तर १५-१६ व्होल्ट दाखवतो, अजून वेग वाढवला की अजून चढतो, आणि लाइट जोडला की तेच खाली येऊन सहाच्या आसपास बसतं. याचा अर्थ असा की असल्या तारांना थेट मोबाइलची पिन जोडायची नाही, मोबाइल जाईल. आणि मोटरसायकलचा १२ व्होल्टचा एलईडी पण लावू नका, डायनामोचा करंट एसी, म्हणजे सारखी दिशा उलटणारा असतो, त्याला डायनामोचाच म्हणून मिळतो तो लाइट पाहिजे. या हबची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की कितीही जोरात पळवा, करंट साधारण अर्ध्या अँपिअरला जाऊन थांबतो. वेग वाढला की करंटची उलटापालट जलद होते आणि तीच कॉइल त्याला जास्त अडवायला लागते. त्यामुळं उतारावर लाइट उडायचं भय नाही आणि कुठं वायर शॉर्ट झाली तरी डायनामो जळत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो, पण माझ्याकडं एकदा खरंच शॉर्ट झालं, ते खाली सांगतो.

पहिली रात्र मे महिन्यातली होती, वळीव पडून गेला होता. अनगोळच्या बाहेर पडलो आणि रस्त्यावर दोन्ही कडांपर्यंत एकसारखा उजेड पसरला, मला वाटलं मागनं कार आली म्हणून मी बाजूला घेतलं. कार नव्हतीच. आधीचे बॅटरीचे लाइट गोल झोत टाकायचे, मध्ये भगभगीत आणि बाकी काही नाही, त्यातला अर्धा झोत झाडांच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यात. याचा उजेड वरनं सुरीनं कापल्यासारखा, एका रेघेच्या वर काही जात नाही, सगळा खाली रस्त्यावर. समोरनं दुधाच्या गाडीवरनं येणारे आमच्या गावचे एक काका पूर्वी मला बघून शिवी घालायचे, आता घालत नाहीत. डब्यावर ६० लक्स लिहिलंय, म्हणजे दहा मीटरवर जिथं सगळ्यात जास्त उजेड पडतो तिथला तो आकडा, तेवढ्यावर भुलू नका, झोत कसा पसरतो ते जास्त महत्त्वाचं. पाण्यानं भरलेला खड्डा आणि नुसता ओला डांबर यातला फरक मला आता वीस-पंचवीस मीटरवरनं कळतो.

याची उणी बाजू पण आहे. वर उजेड नाही म्हणजे नाहीच, वाटेत एका जांभळाची फांदी खाली वाकली होती ती थेट तोंडावर आली. वळणावर पण उजेड सरळच जातो, वळणाच्या आत काय आहे ते वळल्यावरच दिसतं. डिसेंबरात पहाटे जांबोटी-कणकुंबीकडं आम्ही चौघं जातो, तिथं धुकं असतं, त्यात मात्र हा कापलेला झोत चांगला, गोल झोतवाल्यांच्या समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

लोकांचा दुसरा प्रश्न, जड जातं का. बघा, हबचं वजनच साध्या हबापेक्षा साधारण अर्धा किलो जास्त आहे, ते सायकल उचलताना कळतं, चालवताना नाही. दिवा लावून चालवताना पायातनं पाच-सहा वॉट जातात. साधा माणूस निवांत सायकल मारतो तेव्हा ७५ ते १०० वॉट काढत असतो, त्यातले ते पाच-सहा. मी माझ्या आणि सायकलच्या वजनावर हिशेब मांडला तर दर किलोमीटरला सव्वा मीटर जास्त चढ चढल्यासारखं होतं, एवढा चढ तर उद्यमबागेच्या रस्त्यावर डोळ्याला पण दिसत नाही. घरी पोचायची वेळ पूर्वीसारखीच, वीस-बावीस मिनिटं. म्हणून मी तर आता दिवा बंदच करत नाही, दिवसा पण चालू असतो. हातानं फिरवताना जे खट खट लागतं ते रस्त्यावर अजिबात जाणवत नाही, याची हमी मी मामांना पण दिली आणि इथं पण देतो.

हळू चालवताना मात्र उजेड थरथरतो. चाकाच्या एका फेऱ्यात करंट १४ वेळा उलटसुलट होतो, ताशी पंधराच्या वेगाला म्हणजे सेकंदाला २७-२८ वेळा, तेवढं डोळ्याला सलग वाटतं, पण पाचच्या वेगाला नऊवर येतं आणि मग लुकलुक दिसते. राजहंसगडाच्या चढाला मी हे दर रविवारी बघतो, पहाटे पोरांबरोबर वर जातो, शेवटच्या चढावर सायकल चालण्याच्या वेगाला येते आणि रस्ता लुकलुकायला लागतो. उजेड पुरतो, पण डोळ्याला बरं वाटत नाही. ज्यांचा रोजचा रस्ता घाटाचा आहे त्यांनी हँडलला एक छोटा बॅटरीचा लाइट जोडीला ठेवावा.

थांबल्यावर काय होतं हा बाबांचा प्रश्न होता, कारण त्यांचा डायनामो सायकल थांबली की गप्प. नवीन लाइटच्या आत एक कपॅसिटर असतो, चालताना तो भरतो आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटं मंद दिवा चालू ठेवतो. रात्री चौथ्या गेटला मालगाडी आली की तेवढा वेळ तर लागतोच. मागं टेम्पो, ट्रॅक्टर लागलेले असतात आणि माझा मागचा लाल दिवा जळत असतो, हे मनाला फार बरं वाटतं. मागच्या लाइटला मी कमी लेखायचो. निपाणीला माझी मोठी बहीण असते, तिकडं ऊसतोडीत ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या रात्रभर चालतात, दाजींनी एकदा मला बजावलं की पुढचं तुला दिसतं पण मागचं तू दुसऱ्याला दिसायला पाहिजेस. खरंय ते. हा मागचा लाइट पुढच्यातनंच करंट घेतो, वेगळं बटण नाही, म्हणजे लावायचा विसरला असं होतच नाही.

आता ते शॉर्टचं. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात पसरलं होतं, मुसळधार पाऊस आणि वारा सायकल ढकलत होता. अनगोळ सोडून एखादा किलोमीटर आलो असेन आणि दोन्ही दिवे एकदम गेले. मला वाटलं तेरा हजार पाण्यात. मोबाइलच्या उजेडात आधी हबचा प्लग काढून बघितला, ठीक होता. मग पुढच्या लाइटला येणारी मागच्याची वायर ओढून काढली आणि चाक उचलून फिरवलं, पुढचा दिवा लख्ख. म्हणजे दोष मागच्या वायरीत. घरी येऊन बघितलं तर सीटच्या खाली जिथं मी वायर घट्ट आवळून बांधली होती तिथं वरचं प्लास्टिक कापून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या होत्या, तांबं हिरवं पडलं होतं. चूक माझ्या हातची. नवीन वायर ओढली, वळणाजवळ जरा सैल सोडली, चाळीस रुपयांत काम झालं. हबला आणि लाइटला काही झालं नव्हतं. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडाला प्लग काढून वायरीची टोकं घासतो, किंचित ग्रीस लावतो, तेवढीच काय ती देखभाल.

आणि एक, हब खोलायचा नाही. गावातल्या दुसऱ्या एका दुकानात पंक्चरला दिला होता तर तिथला पोरगा ग्रीस भरतो म्हणून पाना घेऊन बसला होता, मी वेळेवर पोचलो. प्लगच्या बाजूनं नट-कोन फिरवला की आतली बारीक वायर तुटते आणि मग हब गेलाच. कुठंही चाक द्याल तेव्हा हे आधी सांगा. पंक्चर काढायला मात्र काही वेगळं नाही, प्लग ओढला की चाक नेहमीसारखं निघतं.

मोबाइल चार्जिंगचा जोडडबा पण मिळतो, मी मित्राचा पंधरा दिवस वापरून परत दिला. पंधरा-सोळाच्या वर वेग सलग राहिला तर मोबाइल हळूहळू भरतो, पण दिवा आणि चार्जिंग दोन्ही एकाच वेळी ओढता येत नाहीत, आहेतच मुळी तीन वॉट. माझ्या वीस मिनिटांच्या रस्त्याला तो बिनकामाचा. रात्ररात्र सायकल मारणाऱ्यांचं वेगळं, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारखी १२०० किलोमीटरची वारी ९० तासांत करणाऱ्या कितीतरी लोकांच्या सायकलला हबमध्येच डायनामो असतो, तीन-चार रात्री चार्जिंगला कुठं थांबणार ते.

दहा हजार किलोमीटरच्या वर झालेत आता. लाइटच्या काचेवर खडीचे ओरखडे आलेत, मागच्याची रिफ्लेक्टरची कड फुटलीय ती सायकल पडून, बाकी पहिल्या दिवशी होता तसाच उजेड आहे. तीन वर्षांत एकदाही मी निघताना दिवा भरलाय का ते बघितलं नाही, घरात लाइट गेलेली असो नसो. बायको पूर्वी साडेअकरानंतर दोनदा फोन करायची, आता गच्चीवरनं वळणावरचा पांढरा पट्टा दिसला की ताट वाढायला घेते.

थोरली मुलगी यंदा दहावीला आहे, संध्याकाळचा क्लास वडगावात, सुटायला साडेसात होतात आणि दिवाळीनंतर साडेसातला पूर्ण अंधार. तिच्या सायकलसाठी दुसरा हब मागवलाय, तिची रिम ३२ भोकांची म्हणून यावेळी ३२ चा. परवा मामांना सांगायला गेलो तर म्हणाले, तारा आधी आणून ठेवू नकोस, हब येऊ दे, माप मीच घेतो.